मागची भिंत

हनुवटी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण जो माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत समोर बसलेल्या प्रत्येकाला "हनुवटी जरा खाली, अजून जरा, हां, आता हलू नका" असं सांगत असतो, त्याला रस्त्यातले लोक दुसरं काय म्हणणार? तोंडावर सगळे त्याला फोटोवाले म्हणत आणि त्याची पाठ वळली की हनुवटी. त्याला ते ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. नाकासमोर चालणाऱ्या माणसाला याहून चांगलं नाव मिळायचं नाही, असं त्याची बायको म्हणायची.

दुकान वडिलांच्या वेळचं होतं. पुढे काउंटर, मागे पांढरा पडदा, एक स्टूल, दोन दिवे आणि एक आरसा. त्या आरशात बघून लोक केस नीट करत आणि आधीपेक्षा वाईट दिसायला लागत. एके काळी इथे अख्खी कुटुंबं नटूनथटून यायची. आता लग्नाची कामं तरुण फोटोग्राफरांकडे गेली होती आणि घरचे फोटो ज्याच्या त्याच्या फोनमध्ये. हनुवटीच्या वाट्याला उरले होते ते फॉर्मवर चिकटवायचे फोटो. पासपोर्ट, परीक्षा, पेन्शन. दिवसाला वीस-पंचवीस माणसं, पण चेहरा सगळ्यांचा एकच. माणूस स्टुलावर बसला की त्याच्या चेहऱ्यातून तो स्वतः उठून जातो आणि मागे नुसता फॉर्म उरतो, असं हनुवटीचं म्हणणं होतं. हे त्यानं बायकोला इतक्या वेळा ऐकवलं होतं की हल्ली वाक्याचा पुढचा अर्धा भाग तीच पुरा करायची आणि कामाला लागायची.

पन्नाशी गाठली त्या वर्षी त्यानं एक हलका कॅमेरा घेतला आणि सुट्टीच्या सकाळी रस्त्यावर हिंडायला लागला. त्याला हवे होते आपापल्या तंद्रीतले चेहरे. मनातल्या मनात कोणाशी तरी भांडत चाललेला माणूस. बुटाची नाडी बांधता बांधता मधेच थांबून काहीतरी आठवणारी बाई. असले फोटो विचारून मिळत नाहीत. "काढू का?" म्हटलं की माणूस शर्ट ओढतो, पोट आत घेतो आणि जागच्या जागी फॉर्मवरचा होतो. बरं, न विचारता काढावेत तर लोक खवळतात. पहिल्याच महिन्यात एका फळवाल्यानं त्याला चारचौघांत असं काही फैलावर घेतलं की पुढे पंधरा दिवस तो त्या गल्लीला फिरकला नाही.

भांडण त्याच्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं. मग त्यानं एक युक्ती शोधून काढली. ज्याचा फोटो काढायचा त्याच्याकडे बघायचंच नाही. त्याच्या मागे जे काही असेल, दार, खिडकी, झाड, तिकडे बघायचं. कॅमेरा डोळ्याला लावायचा, फोटो घ्यायचा आणि घेतल्यावर हात चटकन खाली आणायचा नाही. कपाळाला आठी घालून, मधलं माणूस कधी हटतंय याची वाट बघितल्यासारखं तसंच मागे बघत राहायचं. समोरच्याला वाटतं, हा बिचारा मागच्या दाराचा फोटो काढतोय आणि आपणच कडमडलोय. लोक चक्क माफी मागत. "सॉरी हं," म्हणत वाकून बाजूला होत. आणि हनुवटी मोठ्या मनानं म्हणायचा, "असू द्या, असू द्या."

आता, ज्याच्या खिशातून पाकीट काढलं त्यानंच धक्का लागल्याबद्दल माफी मागावी, असा हा प्रकार. पण हनुवटीला त्यात वावगं काही दिसत नव्हतं, हे सांगायला हवं. तो स्वतःला सभ्य समजायचा, आणि इतर सगळ्या बाबतीत तो होताही. रडणाऱ्याचा, झोपलेल्याचा, हात पसरणाऱ्याचा फोटो तो काढत नसे. लहान मुलांचा तर कधीच नाही. कोणाला कळलंच नाही तर कोणाला लागणार कुठून, असा त्याचा साधा हिशेब होता. हौशी फोटोवाल्यांचा सात-आठ जणांचा एक गट होता, त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब सगळ्यात उत्साही. त्या गटापुढे हनुवटीनं ही युक्ती करून दाखवली तेव्हा साहेबांनी टाळ्या वाजवल्या. अनोळखी माणसाला जराही त्रास न देता त्याचा खरा चेहरा कसा मिळवावा, हे यांच्याकडून शिका, असं ते नव्या लोकांना सांगायचे. पन्नास वर्षांत हनुवटीकडून कोणी काही शिकलं नव्हतं. तो सुखावला.

या सगळ्यात त्याला सगळ्यात जास्त पावल्या त्या चेनवाल्या मावशी. त्याच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, छत्र्यांचं एक जुनं दुकान होतं. ते कधीचंच बंद पडलं होतं. त्याच्या बाजूच्या भिंतीला पाठ करून मावशी बसत. समोर हातमशीन, शेजारी पत्र्याचा डबा, त्यात नाना आकाराच्या चेनी, पक्कड आणि मेणबत्तीचा एक तुकडा. बॅगांच्या, जॅकेटांच्या, पर्सच्या बिघडलेल्या चेनी त्या दुरुस्त करत. वय साठीच्या पुढे. एका हाताला चावीवाला बसे, तो त्यांना मुलासारखा. चेन अडली की मावशी दात्यांवर मेण फिरवत, पकडीनं सरकता रनर किंचित दाबत, जिभेचं टोक ओठांत धरत आणि एकदा अशी ओढत की चेन सर्रकन वरपर्यंत जाई. त्या क्षणी त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. चाळीस वर्षं तेच काम केलेली बाई, पण दर वेळी पहिल्यांदाच जमल्यासारखी खूश व्हायची.

तो चेहरा हनुवटीला काउंटरमागून दिसे. पहिल्या दिवशी तो कॅमेरा घेऊन पलीकडे गेला, भिंतीकडे बघत उभा राहिला आणि युक्तीप्रमाणे फोटो घेतला. मावशी लगबगीनं उठल्या, स्टूल उचललं आणि म्हणाल्या, "भाऊ, मी येतेय का मधे?"

"नाही नाही, बसा तुम्ही," हनुवटी म्हणाला. "तुम्ही नाही येत त्यात. मी भिंतीचा काढतोय."

ते तीन वर्षं चाललं. मावशींनी त्या भिंतीच्या फोटोंचं इतकं मनावर घेतलं की गिऱ्हाईक मधे उभं असलं तर त्या त्यालाच दटावायच्या, जरा सरका, भाऊंना भिंत घेऊ द्या. चावीवाल्याला त्यांनी आपली पेटी अर्धा हात पलीकडे घ्यायला लावली. हनुवटीला हे सोयीचंच होतं. मावशी मोकळ्या सापडत. भिंतीवर कसल्याशा जाहिरातीची रंगवलेली अक्षरं होती, उडत चाललेली. ती त्यानं कधी वाचली नव्हती. त्याच्या लेखी तो पिवळट-तांबूस रंगाचा एक पट्टा होता, चेहऱ्यामागे छान उठून दिसणारा. मुद्दाम त्यानं एक लेन्स घेतली होती, जी समोरचा चेहरा लख्ख ठेवते आणि मागचं सगळं धुक्यात घालवते.

गेल्या थंडीत एकदा असाच तो डोळ्याला कॅमेरा लावून उभा असताना मावशींनी हातातलं काम खाली ठेवलं आणि विचारलं, "एवढे फोटो काढता. आवडते होय तुम्हाला ही भिंत?"

काहीतरी म्हणायला हवं म्हणून हनुवटी म्हणाला, "तर! अक्षरं काय सुरेख आहेत. असं काम आता कोण करतं?"

आणि मावशींचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. चेन सरकल्यावरचा आनंद त्यापुढे काहीच नाही. डोळे, गाल, कपाळ, सगळं एकदम हसलं आणि त्या हसण्यातच काहीतरी ओलंही होतं. हनुवटीनं बटण दाबलं. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो आपण आत्ता काढला, हे त्याला हात खाली यायच्या आत कळलं.

कळलं ते खरंच होतं. गटानं त्या महिन्यात वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं, तेव्हा तो फोटो दारातून आत शिरताच समोर लावला होता. दोन हात उंच. खाली नाव होतं, "चेन सरकली". लोक त्यापुढे थांबत. एक बाई तर म्हणाली, एवढा आनंद हिला कशाचा झालाय हे विचारावंसं वाटतं. दहा दिवस तो फोटो तिथे होता आणि मावशी तिथून दहा मिनिटांच्या अंतरावर बसून लोकांच्या चेनी दुरुस्त करत होत्या. प्रदर्शन संपल्यावर हनुवटीनं तो घरी आणला आणि आतल्या खोलीत कपाटावर ठेवला. मावशींना एक प्रत द्यावी असं त्याच्या मनात एकदा आलंही होतं. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं, आणि मावशी पुढे तशा मोकळ्या बसल्या नसत्या.

पुढे मावशींच्या मुलीचं ऑपरेशन निघालं आणि त्या आठ दिवसांसाठी तिच्याकडे गेल्या. चौथ्या दिवशी दोन रंगारी आले. छत्र्यांचं दुकान कोणीतरी विकत घेतलं होतं. त्यांनी भिंत खरवडली आणि दोन दिवसांत तिला वरपासून खालपर्यंत राखाडी रंग दिला. हनुवटी काउंटरवर चहा पीत बघत होता. त्याच्या मनात आलं ते एवढंच, की राखाडीवर चेहरा बरा उठेल. हे वाक्य पुढे त्याला कितीदा तरी आठवलं.

मावशी परत आल्या त्या सकाळी. डबा खाली न ठेवता त्या बराच वेळ भिंतीसमोर उभ्या राहिल्या. चावीवाला काहीतरी सांगत होता. मग त्या वळल्या, रस्ता ओलांडला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा हनुवटीच्या दुकानात आल्या. प्रदर्शनाचं कोणीतरी यांच्या कानावर घातलं, आता आपलं काही खरं नाही, असं त्याला वाटलं.

पण मावशी स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं भाऊ, तुम्ही होतात."

त्याला काही उमगेना. मग मावशींनी सांगितलं. त्यांचे यजमान पाट्या आणि भिंती रंगवायचे. छत्रीवाल्याची ती भिंत त्यांचं पहिलं मोठं काम, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाचं. "छत्र्या, रेनकोट, प्रवासी बॅगा. उन्हापावसात सोबत." खाली शिडी धरायला मावशी उभ्या होत्या. शेवटचं अक्षर चालू असताना त्यांना शिंक आली, शिडी हलली आणि अक्षराच्या खाली रंगाचा एक ओघळ आला. यजमानांनी आधी डोळे वटारले. मग त्याच ओघळाला एक पंख आणि एक शेपूट काढून त्याचं पाखरू करून टाकलं. यजमानांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. त्यांनी रंगवलेल्या बाकीच्या भिंती केव्हाच पडल्या किंवा पुसल्या गेल्या. ही शेवटची होती, म्हणून मावशी तिथे बसत, दुपारचं ऊन थेट तोंडावर येत असूनही.

"मला एक मोठा फोटो करून द्या," त्या म्हणाल्या. "सगळी अक्षरं यायला हवीत आणि खालचं पाखरू. तुम्हाला कामं असतील तर सावकाश द्या. तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, अक्षरं सुरेख आहेत म्हणून, ते मी घरी गेल्यावर मुलीला फोन करून सांगितलं. एवढ्या वर्षांत कोणी असं म्हणालं नव्हतं."

खरं सांगायची ती वेळ होती. हनुवटीनं मंगळवारी देतो म्हणून सांगितलं.

त्यानं दुकान दुपारीच बंद केलं आणि घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसला. मावशींचे फोटो चारशे बारा निघाले. चारशे बारांमध्ये मावशींच्या भुवईचा केस न्‌ केस मोजता येत होता आणि भिंत एकाही फोटोत नव्हती. म्हणजे होती, पिवळट धुकं म्हणून होती. एका फोटोत कोपऱ्यात एका अक्षराची वेलांटी असावी असं वाटत होतं. ती मोठी करून बघितली तर तिचेही ठिपके झाले. पाखरू तर मावशींच्या खांद्यामागे, दर वेळी. दोन पावलं मागे जाऊन, साधी लेन्स लावून एक, फक्त एक फोटो काढला असता तरी पुरला असता. भिंतीचा फोटो काढतोय असं तीन वर्षं सांगणाऱ्या माणसानं भिंतीचा फोटो तेवढा काढला नव्हता.

बायको चहा घेऊन आली आणि मागे उभी राहून बघत राहिली. पडद्यावर ओळीनं मावशीच मावशी. शिवताना, जांभई देताना, दातानं दोरा तोडताना, पायातला काटा काढताना.

"हे सगळे त्यांचे?" तिनं विचारलं. "त्यांना माहीत आहे?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. बायकोनं आणखी थोडा वेळ बघितलं. मग ती म्हणाली, "माझे किती आहेत रे असे?" आणि उत्तराची वाट न बघता कप ठेवून निघून गेली. तिचा एकही नव्हता हे बरं की वाईट, ते हनुवटीला त्या क्षणी ठरवता आलं नाही. पण आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत त्याला अवघडल्यासारखं झालं. जणू तो जांभई देताना कोणी बघत होतं.

पुढचे चार दिवस तो भिंत शोधत हिंडला. नव्या मालकानं आधीचा फोटो काढून ठेवला नव्हता. छत्रीवाल्याचा मुलगा दुसऱ्या गावी होता, त्यानं फोनवर सांगितलं की आमच्याकडे दुकानाच्या आतले आहेत, बाहेरचा नाही. फोनवरच्या नकाशात रस्त्यांचे फोटो असतात असं कोणी सुचवलं, तर त्यात नेमका भिंतीपुढे टेम्पो उभा. चावीवाल्याला विचारावं तर तो म्हणाला, तुम्हीच तर रोज काढायचा. शेवटी हनुवटी बँकेतल्या साहेबांकडे गेला आणि त्यांना अर्धं सांगितलं. भिंतीचे फोटो चुकून पुसले गेले, असं. साहेब म्हणाले, त्यात काय, मजकूर माहीत आहे ना, कॉम्प्युटरवर करून देतो. जुन्या भिंतीचा पोत दुसऱ्या फोटोतून घेऊ, अक्षरं जुन्या वळणाची टाकू. त्या बाईंना काय कळणार आहे?

हनुवटी नाही म्हणाला नाही. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं एवढाच हेतू आहे, अशी त्यानं मनाची समजूत घातली. मनाची समजूत घालण्यात त्याचा हात आता चांगलाच बसला होता. साहेबांनी कामही असं झकास केलं की क्षणभर हनुवटीलाच वाटलं, हीच ती भिंत. त्यानं तो फोटो मोठा करून घेतला, फ्रेम लावली आणि मंगळवारी सकाळी कागदात गुंडाळून रस्ता ओलांडला.

मावशींनी आधी हात पुसले. मग फ्रेम मांडीवर घेऊन त्या एक एक अक्षर वाचत गेल्या, छत्र्या, रेनकोट, प्रवासी बॅगा. चावीवाला वाकून बघत म्हणाला, वा, हुबेहूब. मावशींचं बोट अक्षरांखालून सरकत सरकत शेवटच्या अक्षरापाशी आलं, तिथून खाली उतरलं आणि थांबलं.

"पाखराला डोळा आहे," त्या म्हणाल्या.

हनुवटी फ्रेमवर वाकला.

"पायही आहेत. यांनी डोळा काढलाच नव्हता हो. पुढच्या कामाला उशीर होत होता, म्हणाले नंतर काढतो, तो राहिलाच. मी किती चिडवायची त्यांना, आंधळं पाखरू म्हणून." त्यांनी वर बघितलं. "भाऊ, हे कोणी केलं?"

उन्हामुळे तसं दिसलं असेल, जुन्या फोटोत असं होतं, असलं काहीबाही त्याला सुचत होतं. तीन वर्षांत असलं सुचायची सवयच लागली होती. पण मावशी त्याच्याकडे बघत होत्या, सरळ, आणि त्यांच्यामागे बघायला आता नुसती राखाडी भिंत होती.

"माझ्याकडे भिंतीचा फोटो नाही, मावशी," तो म्हणाला. "एकही नाही."

"एवढे तर काढलेत."

"ते भिंतीचे नव्हते."

"मग कशाचे होते?"

"तुमचे."

चावीवाल्याच्या हातातली कानस थांबली. मावशींना ते लगेच कळलं नाही. त्यांनी आपल्या अंगावरच्या कपड्यांकडे बघितलं, मग मशीनकडे, मग रस्त्यापलीकडच्या त्याच्या दुकानाकडे. "दाखवा," त्या म्हणाल्या.

हनुवटी परत दुकानात गेला. गटात दाखवण्यासाठी कागदावर काढलेले तीस-चाळीस फोटो एका खोक्यात होते आणि प्रदर्शनातल्या फोटोची एक लहान प्रतही. ते खोकं घेऊन रस्ता ओलांडताना त्याला वाटलं, एखादी गाडी मधे आली तर बरं होईल, निदान थोडा वेळ मिळेल. गाडी आली नाही.

मावशी एक एक फोटो हातात घेत होत्या. गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की त्या स्वतःकडे बघतच नव्हत्या. प्रत्येक फोटोत त्या आपल्याच खांद्यावरून मागे बघत होत्या, कुठे एखादं अक्षर दिसतंय का. फोटो तिरका धरत, डोळ्यांजवळ नेत, खाली ठेवत. पंधरा-वीस फोटो झाल्यावर त्यांनी मागे बघणं सोडलं आणि मग त्यांना त्या स्वतः दिसल्या. दोरा तोडणाऱ्या. जांभई देणाऱ्या. टाच मांडीवर घेऊन काटा काढणाऱ्या. त्यांचा हात नकळत केसांकडे गेला आणि केस सारखे करायला लागला. ते बघून हनुवटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज त्यानं वाटून घ्यायची होती आणि घेत होत्या मावशी.

शेवटी तो फोटो आला. मावशींनी तो बराच वेळ धरून ठेवला.

"हा कधीचा?"

सांगणं भाग होतं. "तुम्ही विचारलंत ना, भिंत आवडते का म्हणून. मी म्हणालो, अक्षरं सुरेख आहेत. तेव्हाचा." आणि आता सुरुवात झालीच होती म्हणून त्यानं प्रदर्शनाचंही सांगून टाकलं. दहा दिवस, वाचनालयात, दारासमोर.

"तुम्ही अक्षरं बघितली होतीत?"

"नाही," हनुवटी म्हणाला.

मावशींनी फोटो उलटा करून बाकीच्यांवर ठेवला. त्या ओरडल्या असत्या, त्या फळवाल्यासारखं चार लोक गोळा केले असते, तर त्याला सोपं गेलं असतं. त्या अगदी हळू बोलल्या. "मी लोकांना उठवत होते, भाऊ. तुमचं काम अडू नये म्हणून. याच्या पोटावर पाय देऊन याची पेटी सरकवली मी."

त्यानं माफी मागितली, हात जोडून, शब्द सापडतील तशी. सगळे फोटो आजच्या आज पुसून टाकतो म्हणाला.

"आता पुसून काय भिंत दिसणार आहे?" मावशी म्हणाल्या. त्यांनी खोक्याचं झाकण लावलं, वर ती डोळस पाखराची फ्रेम ठेवली आणि सगळं त्याच्या हातात दिलं. मग एक बॅग पुढे ओढून तिच्या चेनीवर मेण फिरवायला लागल्या. हनुवटी तसाच उभा होता. जरा वेळानं चावीवाल्यानं त्याला मानेनंच जायची खूण केली.

त्यानं सगळे फोटो पुसले. गटात जाऊन साहेबांना आणि बाकीच्यांना खरं काय ते सांगितलं. साहेबांना त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. तुम्ही त्यांचं काय घेतलंत, असं ते विचारत राहिले. हनुवटीनं तिथे जाणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आपल्या जागी आल्या, पण त्यांनी मशीन उलटी मांडली. तोंड भिंतीकडे, पाठ रस्त्याकडे. तेव्हापासून त्या तशाच बसतात. गिऱ्हाइकाला आधी हाक मारावी लागते, मग त्या मान वळवून बॅग घेतात. चेन सरकते तेव्हा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू येत नाही, पण खांदे किंचित वर होतात, त्यावरून हनुवटीला कळतं. कळलं की तो दुसरीकडे बघतो. त्याच्या काउंटरवरून समोर बघायला दुसरं काही नाही.

मागच्या आठवड्यात एक बाई फॉर्मसाठी फोटो काढायला आली. तरुण होती, नोकरीचा अर्ज होता. स्टुलावर बसल्या बसल्या तिनं काचेतून पलीकडे बघितलं आणि सहज विचारलं, "त्या आजी भिंतीकडे तोंड करून का बसतात?"

ऊन डोळ्यांवर येतं, हे उत्तर तयार होतं, आणि ते अगदी पटण्यासारखं होतं. हनुवटीनं तोंडही उघडलं.

"माझ्यामुळे," तो म्हणाला.

ती बाई पुढचं ऐकायला थांबली. मग कॅमेरा हातात धरूनच त्यानं तिला सगळं सांगितलं, काही न गाळता. मागे बघत राहायची युक्ती, चारशे बारा फोटो, वाचनालय, डोळा असलेलं पाखरू. त्याचं संपलं तेव्हा तिनं एकदा त्याच्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं, स्टुलावरून उठली, पर्स उचलली आणि फोटो उद्या काढते म्हणाली. ती काही परत आली नाही. पुढच्या चौकात दुसरा स्टुडिओ आहे, तिथे गेली असेल. हनुवटीला तिचा राग आला नाही. तिच्या जागी तो असता तर तोही गेला असता.